पट्टाही कंपनीचाच: यूएफसी एवढी मोठी कशी झाली?

एमएमए हा खेळ आहे आणि यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) ही तो खेळ भरवणारी एक खासगी कंपनी आहे. हा फरक सांगायला सोपा असला, तरी तो ध्यानात राहत नाही, कारण बहुतेक प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर दोन्हींचे चित्र एकच असते: जाळीचा अष्टकोनी पिंजरा, बोटे उघडी ठेवणारे पातळ हातमोजे, ठोसे, लाथा, कुस्तीच्या पकडी आणि शेवटी विजेत्याच्या कमरेला बांधला जाणारा सोनेरी पट्टा. २००१ साली ही कंपनी २० लाख डॉलरना विकली गेली आणि २०१६ साली तीच सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. या वाढीचे श्रेय सहसा रक्ताळलेल्या लढतींना, तोंडाळ खेळाडूंना किंवा कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांच्या धडाडीला दिले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही; पण रक्त, तोंडाळपणा आणि धडाडी यांची व्यावसायिक मुष्टियुद्धातही कधी वाण नव्हती, आणि तरीही तिथे एकाच कंपनीच्या हाती सगळा खेळ कधी गेला नाही. यूएफसीचे वेगळेपण तिच्या रचनेत आहे. कोणाची लढत कोणाशी लावायची हे ती ठरवते, क्रमवारी ती प्रसिद्ध करते, खेळाडू तिच्या कराराने बांधलेले असतात आणि विजेतेपदाचा पट्टाही तिच्याच मालकीचा असतो.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स. यात उभ्याने ठोसे आणि लाथा मारता येतात, प्रतिस्पर्ध्याला पकडून खाली पाडता येते आणि जमिनीवर गेल्यावरही झुंज चालूच राहते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठीवर पडलेला खेळाडू पायांच्या कैचीत वरच्याला अडकवून त्याचा गळा आवळू शकतो किंवा कोपराचा सांधा उलटा ताणू शकतो. असह्य झाले की अडकलेला खेळाडू हाताने थोपटून हार कबूल करतो. साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, विजेतेपदाची पाच फेऱ्यांची. कोणी बेशुद्ध झाला नाही, कोणी हार मानली नाही आणि पंचांनीही लढत थांबवली नाही, तर तीन परीक्षक गुणांवर निकाल देतात.

आज इतकी शिस्तबद्ध वाटणारी ही गोष्ट सुरू झाली ती एका कुटुंबाच्या कलेची जाहिरात म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मित्सुयो माएदा हे जपानी ज्युदोपटू ब्राझीलमध्ये स्थायिक झाले आणि त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी हा तरुण जुजुत्सू ही पकडींची जपानी युद्धकला शिकला. त्याने आणि त्याचा भाऊ हेलिओ याने त्या विद्येला आपले वळण दिले, जमिनीवरच्या डावपेचांवर भर दिला आणि ‘कोणत्याही कलेच्या लढवय्याने येऊन आमच्याशी लढावे’ असे जाहीर आव्हान देण्याची प्रथा पाडली. हेलिओचा मुलगा रॉरियन कॅलिफोर्नियात येऊन जुजुत्सू शिकवू लागला, तेव्हा त्याला अमेरिकेत हेच आव्हान मोठ्या पडद्यावर मांडायचे होते. जाहिरात व्यवसायातले आर्ट डेव्ही त्याला भेटले, सेमाफोर एंटरटेनमेंट ग्रुप ही दूरचित्रवाणी कंपनी पैसे लावायला तयार झाली आणि १२ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात पहिली स्पर्धा झाली. कोलोरॅडोच का, तर अशा लढतींना परवानगी देणारे किंवा नाकारणारे सरकारी मंडळच तेव्हा त्या राज्यात नव्हते.

त्या रात्रीची पहिलीच लढत हवाईचा सुमोपटू टेइला तुली आणि नेदरलँड्सचा किकबॉक्सर जेरार्ड गोर्डो यांच्यात झाली. तुली तोल जाऊन खाली बसलेला असताना गोर्डोने त्याच्या तोंडावर लाथ मारली आणि त्याचा दात उडून प्रेक्षकांच्या दिशेने गेला. लढत अर्ध्या मिनिटाच्या आतच संपली. पुढे आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून उतरला. रॉरियनचा भाऊ रॉयस ग्रेसी याने त्याला खाली पाडून त्याच्यावर मांड ठोकली, तेव्हा पुढे काय करायचे हे न सुचून त्याने हार मानली. रॉरियनने कुटुंबातल्या दांडग्या भावांना डावलून शिडशिडीत रॉयसला मुद्दाम निवडले होते. सडपातळ माणूस दणकट माणसांना एकामागून एक हरवतो हे दिसले, तर जाहिरात अधिक परिणामकारक होणार होती, आणि ती तशी झालीही. रॉयसने एका रात्रीत तीन लढती जिंकून ५०,००० डॉलर मिळवले. घरबसल्या पैसे भरून हा कार्यक्रम पाहणारी घरे सुमारे ८६,००० निघाली. नावही नसलेल्या खेळासाठी हा आकडा मालकांना भुलवायला पुरेसा होता.

भुलल्यावर जे होते तेच झाले. ‘इथे नियम नाहीत’ हीच जाहिरात झाली. प्रत्यक्षात चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे पहिल्या दिवसापासून निषिद्ध होते, पण ते सांगण्यात कोणाला फायदा वाटत नव्हता. या जाहिरातीचा वाचक एक असाही निघाला ज्याची कंपनीने कल्पना केली नव्हती: ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅक्केन. स्वतः मुष्टियुद्धाचे चाहते असलेल्या मॅक्केन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि १९९६ साली पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून बंदीची मागणी केली. ३६ राज्यांनी अशा लढतींवर बंदी घातली. ७ फेब्रुवारी १९९७ रोजी ठरलेली बारावी स्पर्धा न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात व्हायची होती. ऐनवेळी तिथे मज्जाव झाल्यावर खेळाडू, पंच, कॅमेरे आणि पिंजरा असे सगळे बिऱ्हाड रातोरात विमानाने हलवून दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या डोथन या छोट्या गावात नेण्यात आले. याहून मोठा घाव केबल कंपन्यांनी घातला. त्यांनी हे कार्यक्रम दाखवणेच बंद केले आणि कंपनीचे उत्पन्न आटले.

इथे अमेरिकेतली एक व्यवस्था समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचे काहीच उमगत नाही. आपल्याकडे खेळ म्हटला की त्याचा महासंघ असतो, राज्य संघटना असतात आणि त्यांची आपापसातली भांडणेही असतात. अमेरिकेत व्यावसायिक मुष्टियुद्धासारख्या खेळांवर प्रत्येक राज्य सरकारने नेमलेला आयोग देखरेख ठेवतो. पंच आणि परीक्षक तोच नेमतो, डॉक्टरी तपासणी तोच करून घेतो, बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला किती दिवस लढता येणार नाही हे तोच ठरवतो आणि खेळाडूपासून आयोजकापर्यंत सगळ्यांना परवानाही तोच देतो. आयोगाने परवानगी दिली, तर स्पर्धा हा कायदेशीर खेळ. नाही दिली, तर ती मारामारी. म्हणजे यूएफसीला जगायचे असेल, तर सरकारी देखरेखीतून पळून चालणार नव्हते, तिच्या आश्रयाला जाणे भाग होते.

जुन्या मालकांना हे कळले होते आणि त्यांनी त्या दिशेने पावलेही टाकली होती. पुढच्या काळातल्या प्रचारात याचे श्रेय त्यांना फारसे मिळाले नाही, ही अन्यायाची गोष्ट आहे. १९९७ मध्ये वजनगट आले, हातमोजे सक्तीचे झाले, डोक्याने धडक मारणे, केस ओढणे आणि जांघेत मारणे बंद झाले. १९९९ मध्ये पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि मुष्टियुद्धासारखी गुणपद्धत आली. न्यू जर्सीच्या आयोगाने या सगळ्याला एकत्रित नियमावलीचे रूप दिले आणि १७ नोव्हेंबर २००० रोजी अटलांटिक सिटीत यूएफसीची पहिली स्पर्धा त्या नियमांनी झाली. जागा होती डोनाल्ड ट्रम्प यांच्या ताजमहाल कॅसिनोची. या खेळाला इतर कोणी दारात उभे करत नव्हते त्या दिवसांतली ती ओळख, व्हाइट आणि ट्रम्प यांच्या मैत्रीत आजही दिसते. पण नियम तयार होईपर्यंत जुन्या मालकांची तिजोरी रिकामी झाली होती.

जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनो व्यवसायातले लोरेन्झो आणि फ्रँक फर्टिटा या भावांनी ‘झुफा’ ही कंपनी काढून यूएफसी विकत घेतली आणि आपला शाळासोबती डेना व्हाइट याला तिचा प्रमुख नेमले. २० लाख डॉलरमध्ये त्यांच्या हाती नाव, तो पिंजरा आणि काही करार एवढेच आले. तरी लोरेन्झो यांच्याकडे एक गोष्ट होती जी पैशाने मिळत नाही: ते नेवाडा राज्याच्या आयोगाचे सदस्य राहिलेले होते. आयोगाला कशाची भीती वाटते आणि कशाने ती जाते, हे त्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूने माहीत होते. त्याच वर्षी नेवाडाने खेळाला मान्यता दिली आणि सप्टेंबरमध्ये यूएफसी लास व्हेगासमध्ये उतरली. केबलवर पुन्हा जागा मिळाली. न्यूयॉर्कने मात्र १९९७ ची बंदी २०१६ पर्यंत उठवली नाही.

मान्यता मिळाली, प्रेक्षक मात्र मिळेनात. काही वर्षांत तोटा तीन कोटी डॉलरच्या पलीकडे गेला आणि २००४ मध्ये लोरेन्झो यांनी व्हाइटला गिऱ्हाईक शोधायलाही सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचार बदलला. शेवटचा डाव म्हणून त्यांनी रिॲलिटी शो काढायचे ठरवले. ‘द अल्टिमेट फायटर’ या कार्यक्रमात होतकरू लढवय्ये एका घरात राहणार, सराव करणार, भांडणार आणि एकमेकांशी लढून शेवटी यूएफसीचा करार जिंकणार, अशी कल्पना होती. स्पाइक या वाहिनीने वेळ दिली, पण निर्मितीचा सुमारे एक कोटी डॉलरचा खर्च कंपनीलाच करावा लागला. जानेवारी २००५ मध्ये कार्यक्रम सुरू झाला.

या कार्यक्रमाने काय साधले, हे नीट पाहण्यासारखे आहे. अनोळखी दोन माणसे एकमेकांना मारताना पाहण्यात बहुतेकांना रस नसतो, किळसच येते. त्यांतल्या एकाची आई कोण, त्याने नोकरी का सोडली, काल रात्री स्वयंपाकघरात तो कोणावर का चिडला, हे बारा आठवडे पाहिलेले असेल, तर तीच लढत वेगळी दिसू लागते. ९ एप्रिल २००५ च्या अंतिम सोहळ्यात फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर यांनी पंधरा मिनिटे जवळजवळ न थांबता एकमेकांवर ठोशांचा वर्षाव केला. तंत्राच्या दृष्टीने ती काही महान लढत नव्हती, पण लोक एकमेकांना फोन करून टीव्ही लावायला सांगत होते अशी तिची ख्याती आहे. ग्रिफिन जिंकला, करार दोघांनाही मिळाला, आणि त्याच रात्री सभागृहामागच्या गल्लीत उभ्याउभ्याच स्पाइकच्या अधिकाऱ्यांशी पुढच्या पर्वाचे बोलणे झाले असे व्हाइट सांगतात.

पैसा येऊ लागताच कंपनीने प्रतिस्पर्धी विकत घेण्यास सुरुवात केली, आणि वाढीच्या कहाणीतला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९७ मध्ये टोकियोत सुरू झालेली प्राइड ही स्पर्धा एके काळी यूएफसीहून कितीतरी भव्य होती. जगातले उत्तम लढवय्ये तिथे लढत आणि स्टेडियमे भरत. संघटित गुन्हेगारीशी संबंध असल्याच्या आरोपांनंतर २००६ मध्ये फुजी टीव्हीने तिचे प्रक्षेपण थांबवले आणि तिचा कणाच मोडला. २००७ मध्ये फर्टिटा भावांनी ती घेतली आणि थोड्याच महिन्यांत तिचे दुकान बंद झाले. हलक्या वजनगटांसाठी नावाजलेली डब्ल्यूईसी ही अमेरिकन स्पर्धा त्याआधीच घेतलेली होती, ती २०१० च्या अखेरीस यूएफसीत विलीन झाली. मार्च २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स ही स्पर्धाही आली. तिच्यातूनच पुढे महिलांचा विभाग आणि रोंडा राउझी ही लढवय्यी यूएफसीत आली, आणि महिलांना यूएफसीत कधीही घेणार नाही असे म्हणणाऱ्या व्हाइट यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचीच लढत मुख्य लढत म्हणून लावली. कोणता निर्णय तत्त्वाचा आणि कोणता बाजाराचा, हे या कंपनीत असे लवकर स्पष्ट होते.

आता पट्ट्याकडे येऊ. मुष्टियुद्धात विजेतेपदे देणाऱ्या चार मोठ्या संस्था आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. लढत भरवणारा प्रमोटर वेगळा, पट्टा देणारी संस्था वेगळी, दाखवणारी वाहिनी तिसरीच. यामुळे गोंधळ होतो, एकाच वजनगटात चार-चार विजेते असतात आणि लोकांना हवी असलेली लढत वर्षानुवर्षे होत नाही. पण याच गोंधळात खेळाडूच्या हाती बळ असते, कारण विजेता आपला पट्टा घेऊन दुसऱ्या प्रमोटरकडे जाऊ शकतो. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात पैलवान येतो, गावची कमिटी जोड ठरवते, कुस्ती निकाली झाली की इनाम हातात पडते आणि पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या गावच्या मैदानात उतरतो. कोणी अडवत नाही. मुष्टियोद्ध्याची स्थिती याच्या बरीच जवळ आहे. यूएफसीच्या लढवय्याला हे करता येत नाही. करारात ठरलेल्या लढती संपेपर्यंत तो दुसरीकडे लढू शकत नाही, त्याने लढत नाकारली तर कराराची मुदत लांबते, आणि तो विजेता झाला तर करार पुढे सरकण्याची तरतूदही वर्षानुवर्षे करारांत होती. मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी अमेरिकेने २००० साली केलेला मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा प्रमोटरला उत्पन्नाचा हिशेब खेळाडूला दाखवायला लावतो आणि जबरदस्तीचे करार रोखतो. तो एमएमएला लागू नाही.

फ्रान्सिस एन्गानू याच्या बाबतीत ही रचना उघड्या डोळ्यांनी दिसली. कॅमेरूनमधल्या बातिए गावात लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला, सहारा ओलांडून युरोपात आलेला आणि पॅरिसमध्ये काही काळ गाड्यांच्या तळावर झोपलेला हा माणूस २०२१ मध्ये यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये सिरिल गान याच्याविरुद्ध पट्टा राखण्याबद्दल त्याला मिळालेली जाहीर रक्कम ६ लाख डॉलर होती. नव्या करारासाठी त्याने मुष्टियुद्ध लढण्याची मोकळीक, स्वतःचे प्रायोजक घेण्याचा हक्क आणि सगळ्या खेळाडूंसाठी आरोग्यविमा अशा मागण्या केल्या. कंपनीने त्या मान्य केल्या नाहीत. करार संपेपर्यंत थांबून तो जानेवारी २०२३ मध्ये बाहेर पडला. पट्टा मागेच राहिला आणि मार्चमध्ये जॉन जोन्सने गानला हरवून तो कमरेला बांधला. जगातला सर्वांत बलवान लढवय्या निघून गेला आणि स्पर्धेचे वेळापत्रक एका आठवड्यानेही हलले नाही. एन्गानूचे मात्र भले झाले: ऑक्टोबरमध्ये रियाधला नामांकित ब्रिटिश मुष्टियोद्धा टायसन फ्युरीशी लढताना त्याने फ्युरीला एकदा खाली पाडले, निसटता पराभव पत्करला आणि यूएफसीतल्या कोणत्याही लढतीपेक्षा जास्त पैसे कमावले. सगळ्यांना हा मार्ग खुला नाही. पदार्पण करणाऱ्याला लढण्याचे १० ते १२ हजार डॉलर आणि जिंकल्यास तेवढेच आणखी मिळतात, आणि त्यातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सराव आणि कर भागवायचा असतो. खेळाडू कायद्याने कर्मचारी नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत.

अमेरिकेतल्या बास्केटबॉल आणि फुटबॉल लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो. यूएफसीत हा वाटा एक पंचमांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिला, हे न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसले. डिसेंबर २०१४ मध्ये काही माजी लढवय्यांनी दावा लावला होता, की कंपनीने प्रतिस्पर्धी विकत घेऊन आणि लांबलचक करार लादून लढवय्यांच्या श्रमांची बाजारपेठच एकहाती केली. अर्थशास्त्रात याला एका ग्राहकाची मक्तेदारी म्हणतात; विकणारे अनेक असतात, विकत घेणारा एकच उरतो आणि भाव तोच ठरवतो. ३३.५ कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी २०२४ मध्ये फेटाळली, शेवटी ३७.५ कोटी डॉलरवर तोडगा निघाला आणि २०१० ते २०१७ या काळात लढलेल्यांना पैसे मिळाले. खेळाडूंची संघटना अजून उभी राहिलेली नाही. करार वेगवेगळे, वजनगट वेगवेगळे, राहण्याचे देश वेगवेगळे आणि उद्या कदाचित आपल्याच साथीदाराशी लढावे लागणार, अशा लोकांना एकत्र बांधणे किती कठीण आहे हे कोणत्याही कामगार पुढाऱ्याला सांगावे लागणार नाही.

परदेशांतला विस्तार याच रचनेच्या बळावर झाला. नवा देश जिंकायचा तर तिथला एक नायक लागतो, आणि सगळे नायक एकाच छपराखाली असल्यामुळे कंपनी त्यांना हवे तिथे उभे करू शकते. डब्लिनचा कॉनर मॅकग्रेगर आणि रशियातल्या दागेस्तानचा खबीब नुर्मागोमेदोव्ह यांची ऑक्टोबर २०१८ मधली लढत सुमारे २४ लाख घरांनी पैसे मोजून पाहिली. कंपनीचा तो उच्चांक आहे. चीनमध्ये मुख्य भूमीवरची पहिली स्पर्धा नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला झाली, २०१९ मध्ये तिथे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेन्झेन इथे चीनच्याच झांग वेइलीने ४२ सेकंदांत विजेतेपद पटकावले. फ्रान्समध्ये २०२० पर्यंत एमएमएच्या अधिकृत स्पर्धाच होऊ शकत नव्हत्या. मान्यता मिळाल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये यूएफसी पॅरिसला गेली आणि मुख्य लढत अर्थातच फ्रेंच माणसाची, गानची, होती. अबुधाबीचे गणित निराळे आहे. तिथल्या सरकारी कंपनीने २०१० मध्ये यूएफसीचा दहा टक्के हिस्सा घेतला होता आणि करोनाच्या काळात तिथल्या यास बेटावर बंदिस्त वातावरणात लढती होत राहिल्या. आता रियाधही या यजमानांच्या रांगेत आहे. प्रेक्षकांच्या तिकिटांपेक्षा यजमान शहराने मोजलेली रक्कम मोठी ठरू शकते, हे यूएफसीला तिथे चांगलेच उमगले.

भारतात मात्र गाडी संथ आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीग मोठ्या गाजावाजाने सुरू झाली, परदेशी नावे आणली गेली, पण ती टिकली नाही. यूएफसीत लढणारा पहिला भारतीय नागरिक महाराष्ट्रातला कुस्तीगीर भरत खंडारे. शांघायच्या त्या २०१७ च्या स्पर्धेत सॉन्ग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळून त्याला हरवले. उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ मध्ये आशियाई खेळाडूंसाठीची निवड स्पर्धा जिंकून आत आला, आणि उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. कोल्हापूर-सांगलीपासून हरियाणापर्यंत तालमी भरलेल्या असताना इतकी थोडी नावे का, याचे माझ्या मते उत्तर व्यवहारात आहे: गादीवरच्या कुस्तीत पदक मिळवणाऱ्याला रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलात नोकरी मिळते, पिंजऱ्यात हरणाऱ्याला काहीच मिळत नाही.

मालकी बदलत गेली तशी कमाईची पद्धतही बदलली. पूर्वी मुख्य आधार होता एकेका कार्यक्रमासाठी घरोघरी मोजले जाणारे पैसे. लढत गाजली तर चांदी, मुख्य खेळाडू जखमी झाला तर बोंब. २०१६ मध्ये हॉलिवूडमधल्या डब्ल्यूएमई-आयएमजी या एजन्सीच्या नेतृत्वाखालील गटाने कंपनी घेतली, २०१९ पासून ईएसपीएनने प्रक्षेपणासाठी पाच वर्षांचे १५० कोटी डॉलर देऊ केले, आणि २०२३ मध्ये यूएफसी व डब्ल्यूडब्ल्यूई एकत्र करून टीकेओ ही शेअर बाजारातली कंपनी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार जाहीर झाला. २०२६ पासून अमेरिकेत मोठ्या स्पर्धांसाठी वेगळे पैसे भरण्याची पद्धत त्यामुळे संपते. वर्गणी भरली की सगळे पाहायला मिळते. प्रेक्षकाला हे स्वस्त पडेल. खेळाडूंच्या दृष्टीने यात एक बारीक मेख आहे: बड्या विजेत्यांना पूर्वी विकल्या गेलेल्या प्रक्षेपणांवर वाटा मिळे आणि आपल्यामुळे किती घरांनी पैसे भरले, हे आकड्यात दाखवता येई. वार्षिक रक्कम आधीच ठरल्यावर तो आकडाच नाहीसा होतो आणि मोबदल्याच्या वाटाघाटीत दाखवायला हातात काही उरत नाही.

मार्च २०२५ मध्ये टीकेओने सौदी भागीदारांसह मुष्टियुद्धातही उतरण्याची घोषणा केली. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसमध्ये अली कायद्यात भर घालणारे विधेयक आले. मुष्टियुद्धात लढत भरवणारी संस्था स्वतःची क्रमवारी आणि स्वतःचा पट्टा ठेवू शकेल, अशी सोय त्यात आहे. त्याला टीकेओचा पाठिंबा आहे. किमान मानधन आणि विमा वाढेल असे समर्थक सांगतात. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रमोटर आणि पट्टा यांच्यामध्ये कायद्याने बांधलेली भिंत पाडून एन्गानूला जे भोगावे लागले तेच मुष्टियोद्ध्यांच्या वाट्याला आणण्याचा हा मार्ग आहे.